माझा कायदा आणि शेजाऱ्याचे पाणी

माझा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "बाई, मी खरं तर अराजकवादी आहे. वैयक्तिक अराजकवादी म्हणा हवं तर. सरकार, कायदा, समाज, यांतलं काही मी मानत नाही. माझ्या बुद्धीला पटेल तेवढंच करतो." मुलगा हुशार आहे, भरपूर वाचतो, चांगल्या पगारावर आहे आणि मनाने वाईट नाही. पण हे वाक्य आता त्याच्या एकट्याचे राहिलेले नाही. सुशिक्षित घरांमधून ते इतक्या वेळा ऐकू येते, की त्याच्याशी एकदा पुरते भांडून घ्यावे असे माझ्या मनात होते. ते आज करते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. 'अमुक कायदा मी मानत नाही' असे म्हणण्याचा हक्क माणसाला आहे, असे माझेही मत आहे. शिक्षकाने असे बोलू नये असे काहींना वाटेल. वाटो. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या नकाराची किंमत कोण मोजतो?

अराजक म्हणजे जिथे राजा नाही ते. आपल्याकडे या शब्दाला नुसती दंगाधोप्याची छटा आली आहे, म्हणून काही अभ्यासक 'अराज्यवाद' असा शब्द वापरतात. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की फार पूर्वी राज्य नव्हते, राजा नव्हता आणि दंडही नव्हता; लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत. पुढे माणसांत मोह शिरला, लोभ शिरला, आणि मग राजा लागला. त्याच शांतिपर्वात राजा नसला की काय होते तेही सांगितले आहे: पाण्यातले मोठे मासे लहान माशांना खातात तसे. म्हणजे अराजकाची दोन्ही चित्रे आपल्याच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. माझ्या विद्यार्थ्याला पहिले चित्र आवडते. ते कोणाला आवडणार नाही? पण त्या चित्रात 'एकमेकांचे रक्षण' हे शब्द आहेत, आणि तेच तो गाळून वाचतो.

खऱ्या अराजकवाद्यांनी ते गाळले नव्हते. रशियातला क्रोपॉटकिन जन्माने सरदार. तुरुंग भोगला, परदेशात राहिला, आणि १९०२ साली पुस्तक लिहिले ते कशावर, तर प्राणी आणि माणसे एकमेकांच्या मदतीने कशी टिकतात यावर! आपल्या विनोबांनी शासनमुक्त समाजाची कल्पना मांडली आणि १९५१ पासून वर्षानुवर्षे पायी हिंडून जमीन मागितली, ती दुसऱ्यांसाठी. 'राज्य नको' असे या लोकांनी म्हटले. 'शेजारी नको' असे कधी म्हटले नाही.

अमेरिकेतल्या थोरोचे नाव माझा विद्यार्थी फार घेतो. घ्यावे. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरी होती आणि मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले होते. अशा सरकारला माझे पैसे नकोत म्हणून थोरोने डोईपट्टी भरली नाही आणि जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. दुसऱ्या कोणी तरी परस्पर त्याचा कर भरून टाकला म्हणून तो सकाळी सुटला. १८४९ साली त्याने यावर जो निबंध छापला तो पुढे जगभर गेला. पण त्याच निबंधात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती कोणी सांगत नाही. रस्त्याचा कर त्याने कधी चुकवला नाही. कारण? आपल्याला चांगला शेजारी व्हायचे आहे, म्हणून! कोणता कर नाकारायचा आणि कोणता भरायचा याची निवड त्याने अशी केली. आमचे घरगुती थोरो नेमके उलटे करतात. युद्धाचा, अन्यायाचा विचार त्यांच्या गावीही नसतो. घर भाड्याने दिलेले असते, पण पट्टी स्वतः राहत असल्याची भरायची, आणि वर रस्त्यातल्या खड्ड्यांवर व्याख्यान द्यायचे.

गांधीजींचेही तसेच. कायदेभंग हा शब्द त्यांच्या नावाला इतका चिकटला आहे की त्यामागची अट लोक विसरले. एप्रिल १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात अहमदाबाद वगैरे ठिकाणी दंगे झाले, तेव्हा त्यांनी आपली चूक हिमालयाएवढी होती असे जाहीर केले. ती कोणती, तर ज्या लोकांनी आधी कायदे मनापासून, स्वेच्छेने पाळलेले नाहीत त्यांना कायदेभंग करायला सांगितला ही. म्हणजे कायदा मोडण्याची पात्रता कायदा पाळून मिळवायची. माझ्या मते एवढी कडक अट दुसऱ्या कोणी घातलेली नाही. पुढे १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे खटला चालला, तेव्हा त्यांनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षे मिळाली. (त्यातली दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच येरवड्याहून त्यांना ससून रुग्णालयात आणून अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटका झाली.) शिक्षा मागून घेणारा माणूस आणि पकडल्यावर 'माझे काका अमुक खात्यात आहेत' म्हणणारा माणूस, दोघांनीही कायदाच मोडलेला असतो. पण दोघांना एकाच शब्दात बसवायचे असेल तर भाषेचा उपयोग तरी काय?

यावर माझा विद्यार्थी म्हणाला, "बाई, पण कायदा करणारे बलदंडच असतात ना? दुबळ्यांनी तो का मानायचा?"

हा प्रश्न खरा आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या जातीत जन्माला येणे हाच गुन्हा ठरला! आपल्याकडे पारधी, कैकाडी अशा कितीतरी लोकांनी पोलिसांकडे हजेऱ्या लावल्या. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. स्वातंत्र्य आले तरी हा कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. असा कायदा मोडणाऱ्याला मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण गंमत पाहा. ज्या माणसाला हा कायदा खरोखर चिरडत होता त्याला 'मी वैयक्तिक अराजकवादी आहे' असे म्हणण्याची चैन कधी परवडली नाही. ती परवडते आपल्याला. पोलीस चौकीत खुर्ची मिळते अशा लोकांना.

दुबळ्यांनी कायद्याचे काय करायचे, याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. महाडला जावे.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला आणि तो मंजूर झाला: सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळे खुले केले. म्हणजे कागदोपत्री प्रश्न मिटला होता. पण तळ्यावर जायची कोणाची छाती नव्हती, कारण गावाने ठराव मानला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतल्या लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

आता मला सांगा, त्या दिवशी कायदा कोणी मोडला? शाळेत इतिहास शिकवताना मी हा प्रश्न मुलांना विचारत असे, आणि बहुतेक मुले पटकन 'बाबासाहेबांनी' असे उत्तर देत. बंड केले म्हणजे कायदा मोडला असणारच, असे त्यांना वाटे. पण पाणी पिणाऱ्यांनी काहीच मोडले नव्हते. ते नियमाप्रमाणेच वागले. मोडणारे होते ते दुसरे. देवळातही शिरणार अशी अफवा उठवून जेवणासाठी थांबलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या लोकांना ज्यांनी काठ्यांनी मारले ते. बुद्धीला पटेल तेच करणारे, सरकारचा ठराव न मानणारे, असे अराजकवादी त्या दिवशी महाडात पुष्कळ होते! ऑगस्टमध्ये तर नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच रद्द करून टाकला.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो माणसे महाडला जमली. पण त्याआधीच काही सवर्णांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता: तळे खाजगी आहे, म्हणून. लोक तुरुंगात जायला तयार होते, तशी तयारी त्यांनी बोलूनही दाखवली. ज्या माणसाला 'हे कोर्ट तुमचे, हा कायदा तुमचा, मी मानत नाही' असे म्हणायचा या देशात सर्वांत जास्त हक्क होता, त्याने काय केले? २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती उघडपणे जाळली. आणि तळ्याचे पाणी मात्र घेतले नाही. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे ठरवून घेतले आणि तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. निकाल लागत लागत मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ उजाडला. तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पिण्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे!

हे थांबणे बरोबर होते का यावर वाद होऊ शकतो. तेव्हाही झाला असणार. पण त्यातली समज मला कळते. ज्याच्याजवळ काठी नाही, पैसा नाही, गावात चार माणसे नाहीत, त्याला उभे राहायला कायद्याची एवढीशी फरशी असते. ती त्याने स्वतःच उखडली तर खाली चिखलच आहे. बलदंडाचे तसे नाही. त्याचे कायद्यावाचून अडत नाही. म्हणूनच कायदा नको असे म्हणणारे लोक मला कधी झोपडपट्टीत भेटले नाहीत, भेटले ते बंगल्यात.

पाण्यावरून आठवले. आमच्या भागात नळाला एक दिवसाआड पाणी येते, तेही तासभर. नळाला थेट मोटार लावायची नाही असा नियम आहे, आणि ओळीने बंगल्यांना मोटारी आहेत. माझ्या या विद्यार्थ्याच्या घरीही आहे. त्यानेच सहज सांगितले. "पाणी देण्याची जबाबदारी त्यांची. ते पार पाडत नाहीत, मग मी त्यांचा नियम का पाळू?" तर्क ऐकायला चोख आहे. पण मोटार पाणी निर्माण करत नाही. पाइपात जेवढे असते तेवढेच असते, ती ते आपल्याकडे ओढते. दाब कमी होतो आणि ओळीच्या टोकाला जी घरे असतात तिथे नळाला नुसती हवा येते. टोकाला कोण राहते? चाळीत भाड्याने राहणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका. शिवाय मोटारीने पाइपात ओढ निर्माण झाली की जिथे जिथे जोड सैल असतील तिथून बाहेरचे गटाराचे पाणी आत खेचले जाते. कावीळ पसरते ती अशीही पसरते. नगरपालिकेविरुद्ध पुकारलेल्या या बंडात नगरपालिकेचा केसही वाकडा होत नाही. तिचा अभियंता स्वतःच्या घरी मोटार लावून झोपलेला असतो. बिल जाते टोकाच्या घरी.

याला मी अराजकवाद म्हणायला तयार नाही. हा मात्स्यन्याय आहे, फक्त इंग्रजी पुस्तके वाचलेला.

हाच प्रकार मी नोकरीत कॉपीच्या बाबतीत पाहिला. पर्यवेक्षणाला गेले की खिडकीबाहेर उभे असलेले पालक, आणि एखादे पदवीधर पालक आम्हालाच ऐकवायचे की तीन तासांची परीक्षा ही पद्धतच मुळात चुकीची आहे. पद्धत चुकीची आहे हे मीही म्हणते. पण त्या चिठ्ठीने पद्धत बदलत नाही. शेजारच्या बाकावर रात्र रात्र जागून लिहिणारी मुलगी गुणवत्ता यादीत चार पावले मागे जाते, एवढेच होते. असो.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाही तर मी नुसती कायद्याची चोपदार ठरेन. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी घटना समितीला बजावले होते की घटनेचे मार्ग आता खुले झाले आहेत, तेव्हा कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग सोडून द्या. ते अराजकाचे व्याकरण आहे. व्याकरण शिकवण्यात हयात गेलेल्या मला हा शब्द फार आवडतो. तरीही त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही असे म्हणायचे धाडस करते. मार्ग खुले आहेत तोवर ठीक. पण ते बंद होऊ शकतात. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानेच चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. अशा वेळी दुर्गाबाई भागवतांनी काय केले? १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, समोर यशवंतराव चव्हाण बसलेले असताना, त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. तिथे 'मी तसे म्हटलेच नव्हते' असा खुलासा नाही. किंमत स्वतःच्या पदरात घेतली.

आणि नियमाआड दडणाऱ्यांचे काय? 'नियमात बसत नाही' हे तीन शब्द म्हणून किती माणसांनी किती माणसांना उंबऱ्यावरून परत पाठवले असेल! आमची शाळा साखर कारखान्याच्या भागात होती. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येत, मुलांसकट. त्यांच्याजवळ आधीच्या शाळेचा दाखला कुठला असायला! दाखला नाही म्हणून प्रवेश नाही. एक वर्ष अशा पाच-सहा मुलांना मी पाचवीच्या वर्गात बसवून घेतले. लपवून नाही. मुख्याध्यापकांना लेखी कळवले, त्यांची नावे वेगळ्या वहीत घालून रोज हजेरी मांडली आणि तपासणीला साहेब आले तेव्हा तीच वही त्यांच्यापुढे ठेवली. कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणे दाखवली. समाधान झाले नाही आणि माझी एक वेतनवाढ वर्षभर थांबली. घरात त्यावरून बोलणी खावी लागली, कारण तेव्हा घराचे हप्ते चालू होते. त्यातली एक मुलगी मार्चअखेर टोळीबरोबर गेली तेव्हा जोडाक्षरे वाचत होती. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात दाखल्यावाचून मुलाला प्रवेश नाकारायचा नाही असे स्पष्ट आले. माझ्या वहीमुळे आले असे मी म्हणत नाही, उगाच कोणी तसे समजू नये. अशा वह्या ठिकठिकाणी असणार.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी जे विचारले तेच इथे लिहिते. अरे, तुझ्या बंडात तुझा पैसा वाचतो, वेळ वाचतो, पाणी जास्त मिळते, आणि नाव कोणाला कळत नाही. आजवर तुझ्या एका तरी अराजकाने तुझे काही गेले का? तो हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पूर्वीसारख्याच आहात." हे उत्तर नव्हे.

मग त्याने दारूचा विषय काढला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे आणि त्याप्रमाणे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला, प्यायला परवाना लागतो. सरकार एकीकडे परवाना मागते आणि दुसरीकडे त्याच दारूच्या करावर जगते. हा कायदा ढोंगी आहे, तो म्हणाला. मी म्हटले, बरोबर आहे. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण तुझे हे म्हणणे मला पटते. आता असे कर. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या अधीक्षकांना एक पत्र लिही. 'मी अमुक तारखेला माझ्या घरी विनापरवाना मद्यपान केले, हा कायदा मला मान्य नाही, माझ्यावर कारवाई करावी', खाली सही, पूर्ण नाव, पत्ता. तुझ्यासारखे विचार असलेल्या दहा मित्रांच्याही सह्या घे. यात टोकाच्या घरचे पाणी जात नाही, कोणाची मुलगी मागे पडत नाही, आणि कायदा खरोखर बदलायचा असेल तर सुरुवात तरी होईल.

याला आता चार महिने झाले. मसुदा मीच करून देईन म्हणाले होते, शुद्धलेखन तपासून. अजून कोणी न्यायला आलेले नाही.